हरपलेला हात आणि समोरचे कर्म

ज्या कर्मासाठी मनुष्याने बालपणापासून स्वतःस घडविले, तेच कर्म एके दिवशी अकस्मात त्याच्या हातून निघून गेले, तर त्यानंतर त्याचा स्वधर्म कोणता उरतो? हा प्रश्न पंडितांचा आहे आणि आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झाले. जे थोडे संस्कृत आले ते वडिलांच्या शेजारी बसून, घोकून आले. तथापि काही प्रश्न मनुष्य निवडीत नाही. ते आपण होऊन त्याच्या घरी येतात आणि उत्तर मिळेपर्यंत ओसरीवरून उठत नाहीत. आमच्याकडे आलेला हा प्रश्न त्यांपैकी एक आहे. मंदिराच्या सभासद कुटुंबांनी आमच्या अडचणीच्या दिवसांत आमची फार विचारपूस केली, म्हणून त्यांच्यापुढेच तो मांडावा असे वाटले.

आम्ही पुजाऱ्याच्या घरात जन्मलो. लष्करातील आमच्या गल्लीत आम्हांस लोक नावाने कमी आणि 'पुजारीबुवांचा थोरला' म्हणूनच अधिक ओळखीत. वडिलांच्या मागून गाभारा आमच्याकडे यावयाचा, हे गृहीतच होते. तीन वर्षांपूर्वी आषाढ महिन्यात मंदिराच्या गाईसाठी कुट्टीयंत्रावर कडबा कापीत असता आमचा उजवा हात यंत्रात सापडला. दोष यंत्राचा नव्हता, कोणा दुसऱ्याचाही नव्हता. पाऊस होता, घाई होती, आणि आमचे लक्ष क्षणभर दुसरीकडे होते. मनगटाच्या वर चार बोटांपासून हात काढावा लागला.

पुजाऱ्याच्या मुलास उजवा हात म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. आचमन त्याने करावयाचे, गंध त्याने लावावयाचे, आहुती त्याने द्यावयाची, तीर्थाची पळी त्यानेच समोरच्याच्या तळहातावर रिती करावयाची. फार काय, नमस्कारालादेखील दोन हात लागतात. व्यंग असलेल्याने पौरोहित्य करावे किंवा नाही, याविषयी कोणी आम्हांस तोंडावर काही बोलले नाही. बोलण्याची गरजही पडली नाही. दिवाळीत धाकट्या बंधूने सोवळे नेसले आणि आम्ही सभामंडपातील खांबाशी बसलो, एवढ्यात सर्व निर्णय झाला.

त्या दिवसांत भेटीस येणाऱ्या सज्जनांनी आमचे तीन प्रकारे सांत्वन केले. काही म्हणत, हे पूर्वजन्मीचे भोग आहेत, भोगून संपतील. काही म्हणत, देवाने हे काढून घेतले ते काही अधिक चांगले देण्यासाठीच. आणि काही जण मोठ्या पुरुषांची उदाहरणे देऊन म्हणत, त्यांच्याकडे पाहा आणि ऊठ. तिघांचाही हेतू निर्मळ होता यात शंका नाही. परंतु ही तिन्ही सांत्वने ऐकून आम्ही अधिकच खचत गेलो. असे का झाले, याचा उलगडा पुढे आम्हांस एका अनपेक्षित ठिकाणी झाला. ते ठिकाण म्हणजे कुत्र्यांची शाळा.

ग्वाल्हेरहून झाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर टेकनपूर लागते. तेथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. ते १९७० साली स्थापन झाले. या दलाचे, तसेच अनेक राज्यांच्या पोलिसांचे कुत्रे व त्यांचे सांभाळकर्ते तेथे एकत्र शिकतात. माग काढणे, स्फोटके हुंगून दाखविणे, पहारा करणे, असे त्यांचे निरनिराळे वर्ग असतात. पूर्वी या कामात विलायती जातींचाच मान असे. अलीकडे उत्तरेकडील रामपूर आणि दक्षिणेकडील मुधोळ या आपल्याकडील जातीही तेथे तयार केल्या जातात. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान. त्या राजांनी ही शिकारी जात जोपासली. तिच्याच कुळीतील 'रिया' नावाच्या कुत्रीने २०२४ सालच्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये विलायती जातींच्या स्पर्धकांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला.

या दलातून निवृत्त झालेले एक श्वानशिक्षक आमच्या वस्तीजवळ राहतात. तेथील रिवाजाप्रमाणे सारे त्यांना 'उस्ताद' म्हणतात. घरे, गुदामे व बागा राखण्यासाठी लोक त्यांच्याकडे कुत्री शिकवावयास देतात. एके दिवशी आम्ही खांबाशी बसून स्तोत्र म्हणत होतो, ते त्यांनी बाहेरून ऐकले आणि वडिलांस विचारले, "पंडितजी, या मुलाचा आवाज मला द्याल का?" आम्हांस ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, कुत्र्यास शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याचा नाद कळतो. 'बैठ' म्हटले तर ते रोज त्याच स्वरात, तेवढेच लांब, तसेच स्वच्छ म्हटले पाहिजे. आज रागाने, उद्या लाडाने, परवा घाईने म्हटले, तर त्याच्या लेखी ते तीन निराळे शब्द होतात. शिकाऊ माणसांना हे साधण्यास महिने लागतात. ज्याला लहानपणी चुकीच्या आघातासाठी बापाने पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास लावले आहे, त्याचे निम्मे काम आधीच झालेले आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. खरे सांगावयाचे तर उत्साहाने गेलो नाही. घरात बसणे असह्य झाले होते म्हणून गेलो. उस्तादांनी कुत्र्याची दोरी आमच्या कमरेच्या पट्ट्यास बांधली, म्हणजे डावा हात खूण करण्यास व खाऊ देण्यास मोकळा राहील. दोन हातांच्या शिकाऊ मनुष्याची पहिली खोड अशी की, जनावराने ऐकले नाही की तो दोरीस हिसका देतो. आम्हांस ती सोय नव्हती. आवाज, खूण आणि योग्य क्षणी दिलेला घास, एवढीच आमची साधने. येथे कोणी लगेच म्हणेल, पाहा, हात गेला म्हणून बरे झाले, उत्तम शिक्षक झालात! आमचे यास नम्र उत्तर असे की, हिसका देऊ नये हे दोन हातांचा मनुष्यही शिकू शकतो. उस्ताद स्वतः शिकलेच होते. एवढ्या शिकवणुकीसाठी हात देण्याचे काही कारण नव्हते.

त्या विद्येतील सर्वांत मोठा नियम क्षणाचा आहे. कुत्र्याने योग्य ते केले तर त्याच क्षणी त्यास शाबासकी मिळाली पाहिजे. थोडा विलंब झाला आणि तेवढ्यात तो उठून दुसरीकडे वळला, तर ती शाबासकी वळण्याची होते, बसण्याची राहत नाही. शिक्षेचेही तेच. सकाळी फोडलेल्या मडक्यासाठी दुपारी मारले, तर दुपारी धनी घरी आला की मार बसतो एवढेच तो शिकतो. मडक्याचा त्यास पत्ताही लागत नाही.

हा नियम आम्ही पाठ केला होता, आणि तरीही आम्ही तो मोडला. ती गोष्ट येथे न लपविता सांगणे आम्हांस प्राप्त आहे. एका संध्याकाळी ओळखीचे एक गृहस्थ आमच्या तुटलेल्या हाताकडे पाहून म्हणाले, "मागच्या जन्मी काय केले असेल, कोण जाणे!" ते पुढे निघून गेले. आमच्या पायाशी एक वर्षभराचे कुत्रे बसले होते. बसावयास सांगितले होते म्हणून ते बसले होते, आणि आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही त्यास डाव्या हाताने मारले. त्याचा काही अपराध नव्हता. ते ओरडलेही नाही. केवळ जमिनीस चिकटून राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही हाक दिली तेव्हा ते आले, परंतु दोन हात अंतरावर थांबले. ते दोन हात अंतर संपण्यास सव्वीस दिवस लागले. उस्तादांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. "आता रोज जा आणि तेथेच बस," एवढेच ते म्हणाले.

त्या सव्वीस दिवसांत आम्हांस महाभारताचा आरंभ वारंवार आठवे. आपण सारे स्वर्गारोहणाच्या वेळचे कुत्रे जाणतो; परंतु आदिपर्वातही प्रारंभीच एक कुत्रे आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे पिल्लू आले, आणि राजाच्या भावांनी त्यास मारले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, त्यास तोंड लावले नव्हते. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते की माझ्या मुलाचा अपराध कोणता, आणि त्या भरसभेत कोणाजवळही उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते की तुम्हांवरही असेच, न दिसणारे भय येईल. एवढा थोर ग्रंथ एका निरपराध पिल्लाच्या मारापासून सुरू व्हावा, हे आम्ही लहानपणी अनेकदा ऐकले होते. त्याचे वजन आम्हांस तेव्हा कळले.

येथेच पहिल्या सांत्वनाचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. कर्मविपाकाचा सिद्धान्त खरा की खोटा, हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, जे मनुष्यास आठवत नाही त्याची शिक्षा म्हणून त्याचे दुःख त्यास दाखविण्यात त्यास काहीच शिकविले जात नाही. तो केवळ जमिनीस चिकटतो. स्वतःच्या आचरणास सावध करण्यासाठी हा सिद्धान्त जरूर वापरावा. दुसऱ्याच्या जखमेचा अर्थ लावण्यासाठी तो वापरू नये. आणि त्या गृहस्थांचा आमच्यावर जो आघात झाला तो आम्ही त्याच क्षणी त्या मुक्या जीवाकडे पोचविला, यावरून आमचे पाऊल किती सहज घसरू शकते हेही आम्हांस कळले.

आता तिसरे सांत्वन आधी घेऊ, म्हणजे दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघेल. आम्हांस ज्यांची उदाहरणे देत त्यांत मुरलीकांत पेटकर हे नाव वारंवार येई. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे हे सैनिक मुष्टियोद्धे होते. १९६५ सालच्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याच्या ५० मीटर शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण होय. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. हे सारे ऐकून आम्हांस लाज वाटे. ते उठले, आम्ही उठत नाही. पुढे आम्ही त्या सनांकडे नीट पाहिले. १९६५ आणि १९७२ यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. १९६८ साली तेल अवीव येथील स्पर्धेत ते उतरले होते, परंतु टेबल टेनिसच्या खेळात. म्हणजे वाट एका दिवसात सापडली नव्हती. उदाहरण देणारा शेवटच्या दिवसापासून मागे पाहतो, म्हणून त्यास सात वर्षे एका वाक्यात ओलांडता येतात. जो जखमी आहे त्यास ती एकेक सकाळ करून ओलांडावी लागतात, आणि पुढे पदक आहे हे त्यास ठाऊक नसते.

परदेशातील एक उदाहरण तर कुत्र्याच्या विद्येचेच आहे. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. या विद्येविषयी डोरोथी युस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये कुत्री शिकविणाऱ्या अमेरिकन बाईंनी १९२७ साली एक लेख लिहिला. तो लेख अमेरिकेतील मॉरिस फ्रँक या तरुणास वाचून दाखविण्यात आला. त्याचा एक डोळा सहाव्या वर्षी अपघाताने गेला होता, दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात. त्याने बाईंस पत्र लिहिले, १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला, 'बडी' नावाच्या कुत्रीबरोबर शिकला, आणि १९२९ साली त्या दोघांनी अमेरिकेतील अशी पहिली संस्था उभी केली. पुढील अनेक वर्षे तो कुत्री घेऊन गावोगाव हिंडला आणि आंधळ्या माणसांबरोबर कुत्र्यांसही आगगाडीत व खाणावळीत प्रवेश मिळावा म्हणून झगडला. आज ही गोष्ट दहा ओळींत सुंदर दिसते. परंतु ते पत्र टपालात टाकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या अंध मुलाजवळ त्या दिवशी काय होते? केवळ एक ऐकलेला लेख, आणि उत्तर येईल की नाही ही शंका.

दुसऱ्या सांत्वनातील दोष आता उघड होतो. 'देवाने घेतले ते देण्यासाठी' हे वाक्य गोष्टीच्या शेवटी उभे राहून बोललेले आहे. ज्याच्या गोष्टीचा शेवट अजून व्हावयाचा आहे, त्यास ते ऐकविणे म्हणजे फळाची हमी देऊन त्यास कर्मास लावणे होय. आणि फळाच्या आशेवर केलेल्या कर्माविषयी आपल्या परंपरेचे मत सर्वांस ठाऊक आहे. स्वर्गाच्या दारी युधिष्ठिराने कुत्र्यास सोडण्याचे नाकारले. ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता, हे कीर्तनात ऐकताना आपण आनंदाने मान डोलावितो. परंतु युधिष्ठिरास ते ठाऊक असते, तर त्याच्या नाकारण्यास काय किंमत राहिली असती? त्याच्या लेखी ते एक थकलेले, साधे कुत्रे होते, आणि इतका वेळ सोबत चालले होते. वाटाड्या कुत्र्यासही अशीच एक गोष्ट शिकवितात. धन्याने 'पुढे चल' म्हटले आणि समोरून मोटार येत असली, तर त्याने आज्ञा मोडून जागीच उभे राहावे. इंद्राची आज्ञा मोडून उभा राहिलेला युधिष्ठिर आम्हांस तेव्हापासून अधिक जवळचा वाटू लागला.

तेव्हा आमच्या मूळ प्रश्नाचे आम्हांस सुचलेले उत्तर असे आहे. गेलेल्या कर्माची भरपाई म्हणून नवे कर्म येत नाही. हात गेला तो गेला. ती हानी हानीच आहे, आणि आजही आरतीच्या वेळी ती आम्हांस जाणवते. नवे कर्म निराळ्याच दाराने येते. उद्या सकाळी आपल्यावाचून ज्याचे अडणार आहे असा जीव समोर आला की, तेथे स्वधर्म पुन्हा सुरू होतो. त्या सव्वीस दिवसांत आम्हांस कोणतेही जीवितकार्य सापडले नव्हते. दोन हात अंतरावर एक घाबरलेले कुत्रे बसले होते, आणि त्याचे भय आम्हीच निर्माण केले असल्याने दुसऱ्या कोणास तेथे पाठविता येत नव्हते. एवढेच काम होते. पुढे त्यालाच लोक आमचा व्यवसाय म्हणू लागले.

यावर एक आक्षेप योग्यच आहे. ज्याचे कोणाचेच अडत नाही, जो अंथरुणास खिळला आहे, ज्याच्याने काहीच होणार नाही, त्यास स्वधर्म नाही काय? आमचे उत्तर असे की, तेथे कर्तव्याचे ओझे आपल्याकडे येते. त्याने उठून उदाहरण व्हावे अशी अपेक्षा न करता त्याच्याजवळ बसणे हे आपले कर्म होय. मनुष्याची योग्यता त्याने दुःखातून काय निर्माण केले यावर मोजू लागलो, तर ज्यास काही निर्माण करता आले नाही त्यास आपण दुसऱ्यांदा जखमी करू. आम्हांस ज्यांनी खरा आधार दिला, ते काही न बोलता खांबाशी आमच्याजवळ बसणारे एक वृद्ध सभासद होते. ते रोज येत, अर्धा तास बसत, आणि जाताना खांद्यावर हात ठेवीत.

एक शंका उरते, आणि ती आपल्या घराघरांतील आहे. पुजाऱ्याच्या मुलाने कुत्र्यांत राहावे हे शोभते काय? दत्तप्रभूंच्या चित्रात चार श्वान आहेत, भैरवाचे वाहन श्वान आहे, ऋग्वेदातील सरमा तर लपविलेल्या गाईंचा माग काढणारी कुत्रीच आहे. तरीही दाराशी आलेल्या कुत्र्यास आपण काठी दाखवितो. आम्ही स्नान केल्यावाचून मंदिरात पाऊल ठेवीत नाही, आणि तो नियम आम्हांस जाचत नाही. परंतु वडिलांस काय वाटत असेल, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस दीड वर्ष झाले नाही.

आमच्या घरी वैश्वदेव होतो. त्यात कावळ्यांप्रमाणे कुत्र्यांसाठीही भाताचा बळी निराळा काढून बाहेर ठेवावयाचा असतो. गेल्या श्रावणात एके दिवशी वडिलांनी ते पान धाकट्या बंधूऐवजी आमच्यापुढे धरले. आम्ही नकळत मागे सरलो आणि म्हणालो, "बाबा, डावा हात आहे."

वडील म्हणाले, "ज्याला द्यायचे आहे तो हात पाहत नाही. तुला ती ओळखतात. तू ठेव."

आम्ही पान बाहेर नेऊन ठेविले. गल्लीतील दोन कुत्री आली व भात खाऊन गेली. त्यानंतर ते काम आमच्याकडेच आहे. गाभाऱ्यातील पूजा धाकटे बंधू उत्तम करतात. त्यांचा स्वर आता आमच्याहून चांगला लागतो, हे लिहिताना आम्हांस पूर्वीइतके जड वाटत नाही, परंतु थोडे वाटते. वैश्वदेव आटोपला की आम्ही उस्तादांकडे जातो. सध्या तेथे एक नवे कुत्रे आले आहे. पूर्वी कोणी तरी त्यास फार मारले असावे. कोणाचाही हात वर झाला की ते खाली दबते. आमचा एकच हात वर होतो, म्हणून की काय, ते आमच्यापासून अजून चार हात अंतरावर थांबते. आम्ही रोज जातो आणि तेथेच बसतो.